सर्व्हर दुसऱ्याचा, हिशेब आपला. मग जबाबदार कोण?

मराठवाड्याच्या बाजारात एक नवा शब्दप्रयोग आता चांगलाच रुळला आहे. तो म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’. सातबारा काढायला जा, बँकेत जा, रेशन दुकानात अंगठा लावायला जा, कधी ना कधी हे दोन शब्द कानावर पडतातच. ऐकणारा मुकाट्याने घरी परततो. सर्व्हर कुठे आहे, कोणाचा आहे आणि तो का बंद पडला, हे विचारणार तरी कोणाला? आता हेच दोन शब्द आपल्या स्वतःच्या गल्ल्यापर्यंत येऊन पोचले आहेत. म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांशी या विषयावर चार गोष्टी बोलणे जरूर वाटते.

नेकनूर काही मोठे शहर नाही. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आठवडी बाजाराचे गाव. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि इथल्या नोंदणीकृत दुकानदारालाही कागदाच्या वहीवर भागवणे अशक्य झाले. आधी कॉम्प्युटर आला, मग बिलिंगचे सॉफ्टवेअर आले. आता विक्रेते येऊन सांगतात, “शेठ, दुकानातल्या कॉम्प्युटरवर हिशेब ठेवण्याचे दिवस गेले. आमच्या सर्व्हरवर ठेवा. दरमहा थोडे पैसे द्या आणि बाकी सगळे आमच्यावर सोडा.”

सर्व्हर वापरायला माझा विरोध नाही. माझी हरकत आहे ती ‘सगळे आमच्यावर सोडा’ या शेवटच्या वाक्याला. या वाक्यामागे नेमकी कोणाची जबाबदारी उभी आहे, हे आपण तपासत नाही.

गोदाम आणि रखवालदार

पूर्वी एका कामाला एक सर्व्हर अशी पद्धत होती. हिशेबाला एक यंत्र, बँकेच्या खात्यांना दुसरे, ई-मेलला तिसरे. प्रत्येक यंत्र दिवसाचा बराच वेळ रिकामे बसे, पण वीज आणि जागा मात्र पूर्ण खाई. त्यावर उपाय म्हणून एका मोठ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने अनेक यंत्रे तयार करण्याची युक्ती निघाली. तिला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. युक्ती नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी असे सॉफ्टवेअर बाजारात आणले होते. साध्या, स्वस्त यंत्रांवर ही पद्धत रूढ केली ती अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने.

आपल्या भाषेत सांगायचे तर एक मोठे गोदाम घ्या. आत पार्टिशन घालून वीस खोल्या करा. वीस व्यापारी आपापल्या खोलीला आपापले कुलूप लावतात आणि प्रत्येकाला वाटते की हे माझे स्वतंत्र गोदाम आहे. वास्तविक छप्पर एक, विजेचे मीटर एक आणि चाव्या सांभाळणारा रखवालदारही एकच. व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर म्हणजे हा रखवालदार. कोणत्या खोलीला किती जागा, किती वीज, हे तोच ठरवतो.

ज्याला क्लाऊड म्हणतात तोही आकाशातला ढग नाही. तीही अशीच गोदामे आहेत आणि ती आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली सर्व्हर केंद्रे सुरू केली. नवी मुंबईत तर अशा इमारतींची रांगच उभी राहिली आहे.

यातला फायदा उघड आहे. पण एक फरक लक्षात घ्या. पूर्वी व्यवहारात दोनच फरीक होते, सॉफ्टवेअर विकणारा आणि आपण. आता सॉफ्टवेअर एकाचे, रखवालदार दुसऱ्याचा, गोदाम तिसऱ्याचे आणि आपल्याशी बोलणारा एजंट चौथा. माल खराब झाला तर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

सूत खराब की माग खराब?

हे भांडण आपल्याला अपरिचित नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत व्यापारी सूत देतो आणि यंत्रमागवाला मजुरीवर कापड विणून देतो. कापडात खोट निघाली की व्यापारी म्हणतो माग बिघडलेला होता, माग चालवणारा म्हणतो सूतच कच्चे होते. दोघांचेही काही अंशी खरे असू शकते. नुकसान मात्र कोणाच्या तरी एकाच्याच अंगावर पडते आणि बहुतेक वेळा ज्याच्यापाशी लेखी पुरावा नाही त्याच्याच अंगावर पडते.

सॉफ्टवेअरच्या दुनियेत हीच तकरार वर्षानुवर्षे चालली. ओरॅकल ही डेटाबेस बनवणारी अमेरिकन कंपनी. मोठमोठ्या बँका आणि कारखाने तिच्या सॉफ्टवेअरवर चालतात. ग्राहकांनी हे सॉफ्टवेअर व्हीएमवेअरच्या ‘गोदामात’ ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ओरॅकलने आपले धोरण कळवले. त्याचा सारांश असा: व्हीएमवेअरवर आमचा माल आम्ही प्रमाणित केलेला नाही. तुमची तक्रार साध्या यंत्रावरही येणारी आहे हे आम्हाला ठाऊक असेल, तर उपाय देऊ. नसेल, तर ती व्हीएमवेअरमुळे आलेली नाही हे तुम्ही दाखवून द्या. म्हणजे सपोर्टचे पैसे ग्राहकाने भरायचे आणि खोट सुतात आहे हे सिद्ध करण्याची मेहनतही त्यानेच करायची. शिवाय व्हीएमवेअरने आखलेली खोल्यांची वाटणी ओरॅकल परवान्यांच्या मोजणीसाठी मानत नाही. खोली एक घ्या, परवाना मोठ्या जागेचा मोजा, असा तो प्रकार.

यात धंद्याची चढाओढही होती हे उघड आहे. ओरॅकलने स्वतःचे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर २००७ मध्ये बाजारात आणले होते. स्वतःचे गोदाम असणारा दुसऱ्याच्या रखवालदाराची हमी कशाला घेईल?

उलट उदाहरणेही आहेत, ती सांगितलीच पाहिजेत. जर्मनीच्या सॅप कंपनीने २००७ मध्येच आपले सॉफ्टवेअर व्हीएमवेअरवर चालवणाऱ्यांना सपोर्ट देण्याचे मान्य केले. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये तपासणीची योजना काढली. दुसऱ्या कंपनीचा रखवालदार तपासणीत उतरला, तर त्याच्याकडे ठेवलेल्या विंडोज सर्व्हरला सपोर्ट मिळेल अशी ती सोय होती. ओरॅकल आणि व्हीएमवेअर यांच्यात मात्र सपोर्टचा समझोता व्हायला सप्टेंबर २०१९ उजाडला. ग्राहक मोठे होते, त्यांच्यापाशी वकील होते, इंजिनिअर होते, तरीही एवढी वर्षे लागली. मग तुमच्या-माझ्या दुकानाची तक्रार कोण ऐकणार?

माल वेगळा, सपोर्ट वेगळा

दुसरी एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. सॉफ्टवेअर विकत घेणे आणि त्याचा सपोर्ट विकत घेणे हे दोन स्वतंत्र सौदे आहेत. शिलाई मशीन आपले झाले म्हणून मेकॅनिक आपला होत नाही. बंगळुरूच्या टॅलीचेच पाहा. कायमचा परवाना घेतला की ते सॉफ्टवेअर चालत राहते, पण नव्या सुधारणा हव्या असतील तर वार्षिक नूतनीकरणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वेगळी सोय ज्यांनी केली नाही, त्यांच्या दुकानाचे दार त्या दिवसापासून नव्या चोरांसाठी थोडे उघडेच राहिले.

मालक बदलला की सपोर्टच्या अटी कशा बदलतात, याचा मोठा धडा व्हीएमवेअरनेच दिला. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद झाले. जुन्या कायमच्या परवान्यांवरच्या सपोर्टचे नूतनीकरणही बंद झाले. यापुढे ठरावीक मुदतीचे भाडे भरा आणि तेही एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याचे, असा नवा नियम आला. आपल्याकडे एखादा ठोक व्यापारी म्हणतो ना की साडी पाहिजे तर सोबत न खपणारे ब्लाऊजपीसही उचला, तसेच हे झाले.

अमेरिकेतील एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी ऑगस्ट २०२४ मध्ये यावरून न्यायालयात गेली. तिची सुमारे ७५,००० आभासी यंत्रे सुमारे ८,६०० सर्व्हरवर चालत होती. आमच्या जुन्या करारात सपोर्ट वाढवून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे, तो आम्हाला द्या, असे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांत समझोता झाला. २०२५ मध्ये इंग्लंडच्या टेस्को या दुकानांच्या साखळीनेही अशाच तक्रारीवरून दावा लावला आणि किमान १० कोटी पौंडांची भरपाई मागितली. या दोन्ही कंपन्या न्यायालयात उभ्या राहू शकल्या, कारण त्यांच्या हातात कागद होता. सपोर्ट किती वर्षे, पुढे वाढवून घेण्याचा हक्क कोणाला, हे त्यांनी खरेदीच्या वेळीच लिहून घेतले होते. तोंडी वायद्यावर कोणाला न्यायालयात इतके बोलता आले नसते.

आपल्या जवळचे दाखले

हे सारे साता समुद्रापलीकडचे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून देशातले दाखले देतो.

सहकारी आणि ग्रामीण बँका स्वतःचे सर्व्हर सांभाळण्याऐवजी बाहेरच्या कंपनीची सेवा घेतात. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी अशीच सेवा देते. जुलै २०२४ च्या अखेरीस तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ३१ जुलै रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. एका झटक्यात सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांच्या शाखेत काही बिघाड नव्हता आणि ग्राहकाच्या खात्यात पैसेही होते. तरी पैसे हलत नव्हते, कारण गोदाम एकच होते.

दुसरा दाखला नायरा एनर्जीचा. गुजरातमध्ये तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि तिचे पेट्रोल पंप महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही दिसतात. युरोपियन युनियनने जुलै २०२५ मध्ये या कंपनीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. आम्ही परवान्यांचे पूर्ण पैसे भरले आहेत, असे म्हणत नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्यानंतर त्याच महिन्यात सेवा परत सुरू झाल्या. भारतातली कंपनी, भारतातला धंदा, पैसे चुकते केलेले, तरी कुलूप दुसऱ्याच्या हातात होते.

आणि तिसरा दाखला दुकानातला. एका रमजानमध्ये, ईद चार दिवसांवर असताना, आमच्या दुकानाचे बिलिंग सकाळी अचानक थांबले. हिशेब बाहेरच्या सर्व्हरवर होता. सर्व्हरवाला म्हणाला आमच्याकडे सगळे ठीक आहे, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. सॉफ्टवेअरवाला म्हणाला आमचा माल तुमच्या कॉम्प्युटरवर चालवा, मग बोलू. एजंट फोन उचलेना. पोरांनी दोन दिवस हाताने पावत्या फाडल्या. तिसऱ्या दिवशी यंत्रणा आपोआप सुरू झाली आणि काय बिघडले होते हे आजतागायत कोणी सांगितले नाही. असा अनुभव एकट्या आमचा नाही. बाजारात चार जणांना विचारा, तिघे असेच काही सांगतील.

कायदा कोणाला धरतो?

इथे खरा पेच आहे. हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवला तरी कायद्यापुढे उभे आपणच असतो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. नियम ५७ प्रमाणे संगणकावरील नोंदींचा योग्य बॅकअप ठेवणे आणि अपघाताने त्या नष्ट झाल्यास वाजवी वेळेत परत उभ्या करता येणे बंधनकारक आहे. हे बंधन व्यापाऱ्यावर आहे.

एक विरोधाभास पाहा. जानेवारी २०२५ मध्ये जीएसटीचे सरकारी पोर्टल अडखळले, तेव्हा डिसेंबरच्या विवरणपत्रांची मुदत सरकारने वाढवून दिली. सरकारचा सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांना सवलत मिळते. पण तुमच्या विक्रेत्याचा सर्व्हर बंद पडला तर तुमच्या एकट्यासाठी मुदत कोण वाढवणार? विवरणपत्राला उशीर झाला की दर दिवसाचे शुल्क लागते आणि थकलेल्या करावर सालाना १८ टक्के व्याज लागते. ते विक्रेता भरणार आहे काय? करारात तसे लिहिलेले नसेल, तर नाही.

दुसरी बाजू

काही बुजुर्ग म्हणतील, मग सोडा हे सर्व्हर, आपली वहीच बरी. हे म्हणणे आता चालण्यासारखे नाही. दुकानातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर हिशेब ठेवण्यातही धोका कमी नाही. विजेचा दाब वरखाली झाला, आग लागली, चोरी झाली की सारे गेले. चांगल्या गोदामात ठेवलेला हिशेब त्यातून वाचतो. मालक माल आणायला सुरतेला गेला तरी तिथून दुकानाची विक्री पाहू शकतो. हे फायदे खरे आहेत.

काही तरुण म्हणतील, फुकटचे सॉफ्टवेअर वापरू. तेही आहे. केव्हीएम नावाचा रखवालदार २००७ पासून लिनक्समध्येच मिळतो, परवान्याचे पैसे लागत नाहीत. ब्रॉडकॉमच्या नव्या अटींनंतर पुष्कळ कंपन्या अशा पर्यायांकडे वळल्या. परंतु फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सपोर्ट नव्हे. ते सांभाळणारा जाणता माणूस पगारावर किंवा करारावर ठेवावाच लागतो. बीड-अंबाजोगाईत शिकून नोकरीसाठी पुण्याची वाट धरणाऱ्या आपल्या मुलांना यात काम आहे, हेही ध्यानात घ्यावे.

सहा गोष्टी लेखी घ्या

आपल्या धंद्याचा जुना रिवाज काय आहे? साडीचा रंग गेला म्हणून ग्राहक बाई दुकानात आली, तर आपण तिला सुरतेच्या प्रोसेस हाऊसचा पत्ता देत नाही. आपण साडी परत घेतो आणि मग मागे आपले भांडण आपण निस्तरतो. ज्याने पैसे घेतले त्याने जवाब द्यावा, हा बाजाराचा इन्साफ आहे. सर्व्हरच्या धंद्याला हाच इन्साफ लावा. त्यासाठी पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर मागा:

१. हे सॉफ्टवेअर अशा सर्व्हरवर चालवायला मूळ सॉफ्टवेअर कंपनीची मान्यता आहे काय, आणि तसे चालवले तर ती सपोर्ट देते काय? एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

२. बिघाड झाला तर पहिला फोन कोणाला करायचा? तो एकच नंबर असावा आणि किती तासांत काम सुरू होईल हे लिहिलेले असावे. कोणाच्या भागात खोट आहे हे शोधण्याचे काम विक्रेत्याचे असावे, आपले नव्हे.

३. आपल्या हिशेबाची पूर्ण प्रत दर आठवड्याला तरी आपल्या हातात, आपल्या डिस्कवर मिळेल काय? आणि मिळालेली प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गठडी.

४. पुढच्या वर्षी दर किती वाढेल, याची मर्यादा काय? सध्याचा दर कमी आहे एवढ्यावर सौदा करू नये.

५. विक्रेता बदलला, कंपनी विकली गेली किंवा आपणच सोडून गेलो, तर हिशेब कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल?

६. विक्रेत्याच्या बिघाडामुळे दंड किंवा व्याज भरावे लागले, तर ते कोण सोसेल?

जो विक्रेता या सहा प्रश्नांना लेखी उत्तरे देईल तो थोडा महाग असला तरी स्वस्त समजा. जो हसून टाळेल त्याला सलाम करून निरोप द्या. व्यवहार मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवा, ही ताकीद आपल्याला नवी नाही. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. महिन्याचे पैसे आगाऊ देऊन सेवा पुढे घ्यायची, हाही मुदतीचाच व्यवहार झाला.

शेवटची गोष्ट. एकटा दुकानदार हे प्रश्न विचारील तर विक्रेता कदाचित म्हणेल, “घ्यायचे तर घ्या.” पण नेकनूर, केज, मांजरसुंब्याच्या वीस-पंचवीस दुकानदारांनी मिळून एकच करार मागितला, तर त्याला बसून बोलावे लागेल. एकच मसुदा करा, आपल्या कर सल्लागाराला आणि वकिलाला दाखवा, आणि सर्वांनी त्याच मसुद्यावर सही मागा. खर्च वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो. गावोगावच्या व्यापारी संघटनांनी वर्गणी आणि सत्कारांपलीकडे जाऊन हे एक काम अंगावर घेतले, तर लहान दुकानदार त्यांना दुवा देईल.

आपला हिशेब ही आपली अमानत आहे. ती दुसऱ्याच्या गोदामात ठेवायला हरकत नाही, पण रखवालदाराची सही घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.